नवसागराचा वास कुठे गेला?

"कल्हईऽऽय! भांड्यांना कल्हईऽऽय!"

ही आरोळी तुमच्यापैकी किती जणांनी ऐकली आहे? बहुतेकांनी नसेलच. घराघरांत स्टीलची भांडी आली आणि कल्हईवाला दिसेनासा झाला. पण हल्ली पितळी पातेली पुन्हा हौसेने घेतली जातात. तेव्हा एखाद्या रविवारी सोसायटीच्या फाटकाशी तो बसलेला दिसलाच, तर हातातलं सगळं टाकून पळत सुटा. इतकं छान रसायनशास्त्र फुकटात बघायला मिळत नाही.

मी लहानपणी आजीच्या अंगणात ते बघत तासन्‌तास बसायचो. जमिनीत एक खड्डा, खड्ड्यात कोळसे, बाजूला फुस्स-फुस्स करणारा भाता. पातेलं निखाऱ्यांवर चांगलं तापलं की कल्हईवाला चिमूटभर पांढरी पूड आत टाकायचा, कथलाची कांडी टेकवायचा आणि कापसाचा बोळा घेऊन गरागरा पुसायचा. भसकन पांढऱ्या धुराचा लोट उठायचा. नाक झोंबायचं, डोळे चुरचुरायचे. धूर विरला की मघाचं काळपट पातेलं आतून चांदीसारखं लखलखत असायचं! आजी म्हणायची, "चला, आता ताक कळकायचं नाही."

ती पांढरी पूड म्हणजे नवसागर. नावावर जाऊ नका. ती नवी नाही आणि तिचा सागराशीही संबंध नाही. फारसीत नौशादर, हिंदीत नौसादर, आणि आपल्या तोंडी येईपर्यंत त्यात सागर शिरला, एवढंच.

एकदा मी कल्हईवाल्याची नजर चुकवून त्याच्या डबीतली पूड हुंगून पाहिली. आता नाकात भाला घुसणार, अशी तयारीच केली होती. काहीच नाही! मिठाला जेवढा वास असतो, तेवढाच. मग आगीवर टाकल्यावर तो भयंकर वास येतो कुठून?

त्याच आजीच्या फडताळात घट्ट बुचाची एक बाटली होती. तिच्यात नवसागर आणि चुना मिसळून ठेवलेले असत. कुणाला घेरी आली की बाटली हलवायची, बूच उघडायचं आणि क्षणभर नाकापाशी न्यायची. घेरी आलेला माणूस ताडकन उठून बसायचा. (तुम्ही हे करून बघायचं नाही. आजीचंही चुकत होतं, असं आजचे डॉक्टर सांगतील.) आता गंमत बघा. नवसागराला वास नाही, चुन्याला वास नाही. दोन मुके शेजारी बसले आणि दोघांनी मिळून बोंब ठोकली!

म्हणजे वास नवसागराच्या आत कुठेतरी लपून बसलेला असणार. तिथे त्याला कोणी कोंडलं? आणि चुन्याजवळ कुठली किल्ली आहे? आपल्याला हाच तपास करायचा आहे.

तिवई आणि सराटा

लपलेल्या मंडळींचं नाव अमोनिया. हा एक वायू आहे, रंगहीन आणि हवेपेक्षा हलका. त्याचा रेणू अगदी साधा, नायट्रोजनचा एक अणू आणि हायड्रोजनचे तीन. पण त्याची ठेवण मजेदार आहे. आजीच्या देवघरात तीन पायांची तिवई असते ना, तशी. वरची बैठक म्हणजे नायट्रोजन आणि तीन पाय म्हणजे तीन हायड्रोजन.

नायट्रोजनच्या बाहेरच्या कक्षेत पाच इलेक्ट्रॉन असतात. तीन हायड्रोजनशी हात मिळवण्यात त्यातले तीन कामाला लागतात. राहिले दोन. हे दोघे तिवईच्या बैठकीवर जोडीने, रिकामटेकडे बसून असतात. या जोडीकडे नीट लक्ष ठेवा. पुढची सगळी भानगड तिचीच आहे.

आम्ल म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत आहे. लिंबू, चिंच, व्हिनेगर. आम्लाची खोड अशी की ते हायड्रोजन वाटत सुटतं, आणि तोही आपला इलेक्ट्रॉन मागे ठेवून आलेला, उघडाबोडका हायड्रोजन. त्याला बसायला इलेक्ट्रॉनची जोडी हवी असते. तिवईवर तर जोडी तयारच आहे. तो टुणकन उडी मारून तिथे बसतो. आता नायट्रोजनभोवती तीनऐवजी चार हायड्रोजन झाले. त्याची तिवई राहिली नाही, सराटा झाला. माळावर अनवाणी चाललात तर तळपायात घुसतो ना, तोच सराटा. कसाही टाका, एक टोक वर राहणारच. या चार टोकांच्या कणाला म्हणतात अमोनिअम.

आलेला हायड्रोजन रिकाम्या हाताने येत नाही, बरोबर धन विद्युतभार घेऊन येतो. त्यामुळे अमोनिअम हा भारित कण, म्हणजे आयन असतो. नवसागरात त्याला क्लोराइडच्या ऋणभारित कणांनी चहूबाजूंनी धरून ठेवलेलं असतं. वास येण्यासाठी कण उडून नाकापर्यंत यावा लागतो. जो जागचा हलूच शकत नाही, त्याचा वास येणार कसा?

कुलूप सापडलं! अमोनियाला एक जादा हायड्रोजन दिला की वास बंद.

मग किल्लीही सोपी आहे. तो जादा हायड्रोजन काढून घ्यायचा. चुन्यात हायड्रॉक्साइड नावाचे कण असतात, त्यांना हायड्रोजनची भारी हाव. ते तो ओढून घेतात आणि स्वतः पाणी होऊन बसतात. सराट्याची पुन्हा तिवई होते आणि ती सुटते हवेत. आजीच्या बाटलीत हेच चाललेलं असायचं.

कल्हईवाल्याकडे चुना नव्हता, पण त्याच्याकडे आग होती. तापलेल्या पातेल्यात नवसागराची फोड होते. अमोनिया एकीकडे, हायड्रोजन क्लोराइड नावाचा आम्लधर्मी वायू दुसरीकडे. हा दुसरा वायू पितळेवरची काळी पुटं खाऊन टाकतो, म्हणून कथील छान चिकटतं. पण दोघे वायू वर गार हवेत आले की पुन्हा एकमेकांना गाठतात आणि पुन्हा नवसागर होतात, बारीक बारीक कणांचा. तोच तो पांढरा लोट. इतकी वर्षं मी त्याला धूर म्हणत होतो! तो धूर नव्हताच. नवसागर डबीतून निघाला, आगीत फुटला आणि आजीच्या अंगणात डोक्यावर पुन्हा तयार झाला. ज्यांची जोडी वेळेत जमली नाही, ते वायू आमच्या नाकात शिरले.

पाण्याची तहान की अमोनियाची?

अमोनिया शुद्ध रूपात पहिल्यांदा हाती लागला तो इंग्लंडच्या जोसेफ प्रीस्टली यांना. १७७४ साली त्यांनी त्याबद्दल छापून प्रसिद्ध केलं. हेच ते प्रीस्टली, ज्यांनी पाण्यात वायू कोंबून सोडा वॉटर करून दाखवलं. उन्हाळ्यात गोटी सोडा पिताना त्यांची आठवण काढायला हरकत नाही. अमोनियासाठी त्यांनी नवसागर आणि चुना एकत्र तापवला. म्हणजे आजीचीच बाटली, फक्त चुलीवर ठेवलेली.

त्या काळात वायू गोळा करायची एक पद्धत होती. पाण्याने भरलेली बरणी पाण्यातच उपडी धरायची आणि खालून नळीने वायू आत सोडायचा. बुडबुडे वर जातात, पाणी खाली सरकतं, बरणी वायूने भरते. अमोनियाला हे चालत नाही. बुडबुडा पाण्यात शिरला रे शिरला की गडप! म्हणून प्रीस्टलींनी पाण्याच्या जागी पारा वापरला. पाऱ्याला अमोनियाशी काही देणंघेणं नाही. गोळा केलेला अमोनिया त्यांनी मग हायड्रोजन क्लोराइड वायूत मिसळला, आणि दोन पारदर्शक वायूंमधून पांढरा ढग निघाला. आपला कल्हईचा लोट!

पाणी किती अमोनिया पितं, याचे आकडे ऐका. साधारण २० अंश सेल्सिअसला १ लिटर पाण्यात शुद्ध ऑक्सिजन मावतो जेमतेम ३० मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे. कार्बन डायऑक्साइड मावतो सुमारे १ लिटर. आणि अमोनिया? सुमारे ७०० लिटर! बर्फाइतकं गार पाणी घेतलं तर हजारावर. तुमच्या शाळेच्या दप्तरातली पाण्याची बाटली एका मोठ्या कपाटाएवढा वायू गिळून बसेल आणि वर ढेकरही देणार नाही.

शाळेच्या प्रयोगशाळेत याचा एक सुंदर खेळ करतात. कोरड्या अमोनियाने भरलेला गोल चंबू उपडा टांगायचा. त्याच्या बुचातून एक लांब काचनळी खाली पाण्याच्या भांड्यात सोडायची. पाण्यात फिनॉल्फ्थॅलीन या दर्शकाचे चार थेंब टाकायचे. पाणी रंगहीनच दिसतं. मग ड्रॉपरने चंबूत दोन-तीन थेंब पाणी सोडायचं. ते थेंब आतला इतका अमोनिया पिऊन टाकतात की चंबू जवळजवळ रिकामा होतो. बाहेरची हवा भांड्यातल्या पाण्यावर दाबून बसलेलीच असते. ती पाण्याला नळीतून वर ढकलते, आणि चंबूत कारंजं उडतं, तेही गुलाबी! आमच्या वर्गात हे झालं तेव्हा मागच्या बाकावरून शिट्टी आली होती. कुणी मारली, ते आम्ही सरांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.

इतका लोभ कशासाठी? पुन्हा तीच रिकामटेकडी जोडी. पाण्याच्या रेणूला दोन हायड्रोजन असतात, किंचित धन भाराचे. अमोनियाची जोडी त्यांना जवळ ओढते. शिवाय अमोनियाच्या हायड्रोजनना पाण्याचा ऑक्सिजन आवडतो. दोन्ही बाजूंनी हातात हात! जत्रेत हरवू नये म्हणून धरतात ना, तसे. हात सोडताही येतो. म्हणून अमोनियाचं पाणी तापवलं की वायू पुन्हा बाहेर.

खिशात नसलेला हायड्रॉक्साइड

आता कारंजं गुलाबी का झालं? फिनॉल्फ्थॅलीन गुलाबी होतं आम्लारीमध्ये, म्हणजे जिथे हायड्रॉक्साइडचे कण जास्त असतात तिथे. चुन्याचं ठीक आहे, त्याच्या खिशातच हायड्रॉक्साइड असतो. कॉस्टिक सोड्याच्याही असतो. पण अमोनियाचे सगळे खिसे उलटेपालटे करून झटका. नायट्रोजन एक, हायड्रोजन तीन. हायड्रॉक्साइडला ऑक्सिजन लागतो, आणि इथे ऑक्सिजनचा पत्ता नाही!

माझ्या भाचीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मामा, मग पाण्याचा घेतला असेल." पोरगी हुशार आहे. (मामावर गेली आहे.)

बरोबर आहे तिचं. अमोनिया पाण्याचा हात धरून उभा असतो ना, त्यातला एखादा जरा जास्तच जोरात ओढतो आणि पाण्याचा एक हायड्रोजन स्वतःकडे घेऊन टाकतो. अमोनियाचा झाला अमोनिअम. पाण्यातून एक हायड्रोजन गेल्यावर मागे उरला हायड्रॉक्साइड. म्हणजे हायड्रॉक्साइड अमोनियाने आणला नाही. तो पाण्याचाच, फक्त ही खोडी अमोनियाने काढली.

पण हायड्रॉक्साइड किती हावरा, ते आपण चुन्याच्या वेळी पाहिलंय. तो आपला हायड्रोजन परत ओढतो. मग दुसरीकडे दुसरा अमोनिया खोडी काढतो. तिकडे परत ओढाओढी. हा खेळ तुम्ही मैदानावर रोज खेळता. खो-खो! पाठलाग करणाऱ्या संघाचा एक पळतो, बाकीचे बसलेले. पळणाऱ्याने खो दिला की तो बसतो आणि दुसरा उठतो. कोणत्याही क्षणी फोटो काढा, त्या संघाचा पळणारा एकच दिसेल. दर फोटोत तो वेगळा असेल, पण संख्या तीच.

अमोनियाच्या खो-खोत पळणारे किती? १ लिटर पाण्यात १.७ ग्रॅम अमोनिया विरघळवला, तर हजार अमोनियांमागे साधारण तेरा जण अमोनिअम झालेले असतात. बाकीचे ९८७ नुसते बसलेले! म्हणून अमोनियाला सौम्य आम्लारी म्हणतात. तेवढेच कण कॉस्टिक सोड्याचे घ्यायचे तर ४ ग्रॅम लागतील, आणि ते मात्र सगळेच्या सगळे सुटे होऊन पळत सुटतात. शेतकरी माती तपासून 'सामू' विचारतात, त्या मापाने बघा. सात म्हणजे आम्लही नाही आणि आम्लारीही नाही, आणि पुढे प्रत्येक घरागणिक हायड्रॉक्साइड दसपट. अमोनियाचं हे पाणी येतं ११ च्या आसपास, कॉस्टिक सोड्याचं १३ वर. घरं दोनच, पण फरक शंभरपट.

आता तुम्हाला या सगळ्या लेखातली माझी आवडती गोष्ट सांगतो. अमोनियाच्या पाण्याची बाटली उघडली की नाकात सणक जाते. ती का जाते? कारण तो सौम्य आहे! सगळा अमोनिया अमोनिअम झाला असता, तर आत अडकून बसला असता आणि बाटलीला वासच नसता. नाकाला जो इतका जबर वाटतो, तो रसायनशास्त्राच्या हिशेबात दुबळा, आणि दुबळा आहे म्हणूनच नाकाला जबर. त्याच बाटलीत व्हिनेगर ओतत गेलं की प्रत्येक तिवईला जादा हायड्रोजन मिळतो आणि वास गप्प होतो.

आमच्या प्रयोगशाळेतल्या बाटलीवर मात्र ठळक अक्षरांत 'अमोनिअम हायड्रॉक्साइड' लिहिलेलं होतं. तुमच्याही शाळेत असेल. आत त्या नावाचा पदार्थ जवळपास नसतोच. असतो तो पाण्यात बसलेला अमोनिया. हे नाव चिकटलं, कारण एकेकाळी आम्लारी म्हणजे हायड्रॉक्साइड देणारा पदार्थ, अशीच व्याख्या होती. स्वीडनच्या स्वांटे अर्‍हेनियस यांची. तिच्यात अमोनियाला बसवायला जागाच नव्हती, म्हणून त्याच्या अंगावर कागदोपत्री एक हायड्रॉक्साइड शिवून दिला. १९२३ साली डेन्मार्कचे ब्रॉनस्टेड आणि इंग्लंडचे लॉवरी यांनी वेगवेगळं बसून एकच गोष्ट सुचवली. हायड्रोजन देतो तो आम्ल, घेतो तो आम्लारी. अमोनिया आपल्या खऱ्या कपड्यांत आत आला. बाटलीवरची चिठ्ठी मात्र अजून कुणी बदललेली नाही.

विसराळू हळद

आता थोडं स्वयंपाकघरात. हळदीची पूड पाण्यात कालवा, पांढऱ्या कागदाला फासा आणि सावलीत वाळवा. झाला तुमचा दर्शक कागद. त्यावर साबणाच्या पाण्याचा थेंब टाका, लालभडक! शर्टवर आमटी सांडल्यावर आईने साबण लावला की डाग लाल का होतो, ते कळलं? हळद आणि चुना यांच्यापासून कुंकू करत, त्यामागे हेच.

सरांना सांगून हाच कागद ओला करून अमोनियाच्या बाटलीच्या तोंडावर, हवेतच धरायला लावा. तोही लाल होतो. मग तो कागद टेबलावर ठेवून डबा खाऊन या. परत याल तेव्हा तो पुन्हा पिवळा! साबणाने लाल झालेला कागद मात्र लालच राहिलेला असेल. साबण कागदावर ठाण मांडून बसतो. अमोनिया उडून जातो, आणि जाताना पाण्याचा हायड्रोजन परत करून जातो. हळदीला जणू काही झालंच नव्हतं.

उडून जाण्याच्या या सवयीचा उपयोग बेकरीवाल्यांनी ओळखला आहे. बिस्किटं फुगवायला ते एक पांढरी पूड वापरतात, तिला ते सरळ 'अमोनिया'च म्हणतात. भट्टीत तापली की तिचा कार्बन डायऑक्साइड, वाफ आणि अमोनिया होतो, तिन्ही वायुरूप, मागे काही उरत नाही. बिस्किट खुसखुशीत. पण हीच पूड केकमध्ये घालून बघा, म्हणजे बघू नका. केक जाड आणि ओलसर. ओल दिसली की अमोनिया तिथेच मुक्काम करणार, आणि वाढदिवसाच्या केकला गोठ्याचा वास येणार. म्हणून ही पूड फक्त पातळ, कोरड्या बिस्किटांत.

गोठ्याचा वास म्हणजेही अमोनियाच. गाईच्या ताज्या मूत्रात असतो तो युरिया, त्याला अमोनियाचा वास नसतो. जिवाणू त्याची फोड करतात तेव्हा अमोनिया सुटतो. म्हणून सकाळी झाडलेल्या गोठ्यापेक्षा न झाडलेला गोठा जास्त घमघमतो.

सोनेरी मासा

आता जरा वाईट गोष्ट. भाचीच्या हट्टापायी मी एकदा काचेची टाकी आणि दोन गोल्डफिश आणले. पाणी बोअरचं, स्वच्छ, काचेसारखं. सहाव्या दिवशी एक मासा तळाशी आडवा. दुसरा वर येऊन हापके मारत होता. मी पंप तपासला, खाणं तपासलं, पाण्याकडे मात्र संशयानं पाहिलंसुद्धा नाही, कारण ते दिसायला स्वच्छ होतं.

मासे शरीरातला नायट्रोजनचा कचरा कल्ल्यांतून बाहेर टाकतात, तो मुख्यतः अमोनियाच्या रूपाने. आपण तसं करू शकत नाही. अमोनिया विषारी आहे, तो वाहून न्यायला भरपूर पाणी हवं. म्हणून आपलं यकृत त्याचा निरुपद्रवी युरिया करतं. पक्षी त्याहून कंजूष. ते यूरिक आम्लाची पांढरी पेस्ट करतात, जी तुमच्या सायकलच्या सीटवर पडलेली असते. माशाभोवती मात्र समुद्र किंवा नदी असते. सोडला की वाहून गेला. टाकीत कुठे वाहणार?

आणि इथे आपली तिवई आणि सराटा परत येतात. टाकीतल्या कचऱ्याचा काही भाग तिवईच्या, म्हणजे अमोनियाच्या रूपात असतो आणि काही सराट्याच्या, म्हणजे अमोनिअमच्या. भार नसलेली तिवई माशाच्या कल्ल्यातून सहज आत घुसते आणि घात करते. भारित सराट्याला आत शिरणं अवघड जातं. कुणाचं राज्य, ते पाण्याचा सामू ठरवतो. २५ अंशाच्या पाण्यात सामू ७ असेल तर हजारात सहाच तिवया. ८ झाला की शंभरात पाच. ९ झाला तर शंभरात छत्तीस! कचरा तेवढाच, पण पाणी जरा आम्लारीधर्मी झालं की विष कितीतरी पट. माझं बोअरचं पाणी क्षारांचं, सामू आठाच्या वर.

जुन्या टाकीत हे होत नाही, कारण तिथे खड्यांवर आणि गाळणीवर जिवाणूंची वसाहत असते. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट, जे माशांना बरंच सोसतं. ही वसाहत जमायला काही आठवडे जातात. मी तिला सहा दिवसही दिले नव्हते. दुसऱ्या माशासाठी निम्मं पाणी बदललं, खाणं कमी केलं. तो वाचला. भाची त्यानंतर आठवडाभर माझ्याशी बोलली नाही, ते योग्यच होतं.

शेतातही हाच हिशेब. पिकाला घातलेल्या युरियाचं मातीत अमोनिअम होतं. जमीन चुनखडीची असेल, सामू आठाच्या पुढे, तर त्यातला बराचसा अमोनिया होऊन हवेत. नवसागर आणि चुन्याची बाटली, एकराएकरांची! म्हणून जाणते शेतकरी युरिया उघड्यावर फेकून ठेवत नाहीत, मातीआड करतात किंवा मागोमाग पाणी देतात. ट्रॉम्बेला आणि अलिबागजवळ थळला मोठे खत कारखाने आहेत. तिथे हवेतला नायट्रोजन पकडून आधी अमोनिया करतात आणि मग त्याचा युरिया. ही युक्ती जर्मनीच्या फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ साली प्रयोगशाळेत साधली. तिची गोष्ट इतकी मोठी आणि गुंतागुंतीची आहे की तिला वेगळा अंक लागेल.

नाक का झोंबतं?

भाचीने परवा विचारलं, "मामा, अमोनियाला नेमके आपले डोळे आणि नाकच कसे सापडतात? कोपराला काही होत नाही."

कारण डोळे ओले असतात! नाकाच्या आतही ओलाव्याचा पातळ थर असतो. अमोनियाला पाणी दिसलं की तो धावतो, तुमच्या डोळ्यांतलं असलं तरी. तिथे विरघळतो, पाण्याची खोडी काढतो, हायड्रॉक्साइड तयार होतो, आणि डोळा चुरचुरतो. डोळा आणखी पाणी सोडून त्याला धुऊन काढायला बघतो. म्हणून रडू.

बंदराच्या गावांत माशांसाठी बर्फ करणारे कारखाने असतात. तिथल्या यंत्रांत थंडावा आणायला बरेचदा अमोनियाच फिरवतात, कारण तो उणे ३३ अंशाला उकळतो आणि उकळताना भोवतालची उष्णता शोषून घेतो. कधी पाइप गळला तर अग्निशामक दलाचे जवान गळतीच्या भोवती पाण्याच्या फवाऱ्याचा पडदा उभा करतात. सुटलेला ढग फवाऱ्यात शिरतो आणि विरघळून खाली येतो. प्रीस्टलींना ज्या सवयीचा वैताग आला, तीच इथे गावाला वाचवते.

आता जाता जाता एक कोडं. एका प्रयोगशाळेत शेजारी शेजारी दोन बाटल्या होत्या. एकीत नवसागराचं पाणी, दुसरीत अमोनियाचं. दोन्हींच्या चिठ्ठ्या कसरीने खाल्ल्या. सरांना सर्दी झालेली, नाकाचा उपयोग नाही. त्यांनी दोन मुलांना हळदीचा एकेक कागद दिला आणि सांगितलं, "तू ह्या बाटलीतला थेंब टाक, तू त्या. काय रंग दिसतो ते वहीत लिहा, आणि कागद टेबलावर ठेवून घरी जा." एकाने लिहिलं, 'लाल'. दुसऱ्याने लिहिलं, 'पिवळा'.

सकाळी सर आले तर टेबलावरचे दोन्ही कागद पिवळे. सरांनी वही पाहिली आणि ते गरजले, "कोणीतरी थापा मारल्यात!"

कोणी?